पावाखालची फळी

नदीकाठची नवी वस्ती, कनेक्टिकट
१२ ऑक्टोबर १७६७

बाबांना टॅबिथाचा आदरपूर्वक नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. जोसायाच्या पायाची जखम भरत आलीय. काठी अजून लागते, म्हणून सध्या लाकडं मी फोडते. हिवाळ्यापुरती होतील, काळजी करू नका.

लग्नात तुम्ही माझ्या पेटीत ती वाकडी, पातळ फळी कोंबलीत तेव्हा मी किती कुरकुरले होते. वर्षभर मी तिच्यावर गरम पाव काढून ठेवत आले.

जोसायाची कुऱ्हाड मला झेपेना, म्हणून नवी आणायला लोहाराकडे गेले. त्यानं नुसतं पातं हातात ठेवलं. "दांडा कुठाय?" मी विचारलं, तर सगळं दुकान हसलं. "बाई, दांडा ज्याच्या त्याच्या घरचा. तुमच्या घरी दांड्याच्या मापाची फळी असेल ना? तिच्यावरून ओबेद सुतार कोरून देईल."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ओबेदकाका फळी चाचपत म्हणाले, "पोरी, ही तुला दिली कुणी? लोक ही शेजाऱ्यालासुद्धा तासभर देत नाहीत."

नवा दांडा धरला आणि हात आपोआप जागेवर बसले, लहानपणी तुमच्या कुऱ्हाडीवर बसायचे तसे.

बाबा, तुमच्याकडे दुसरी फळी आहे ना? तुम्ही हो म्हणाल, पण आई खरं सांगेल. म्हणून हे पत्र आणणाऱ्या भांडीवाल्याबरोबर तशीच नवी फळी पाठवतेय. तुमची मात्र मी परत देणार नाही.

तुमची हट्टी लेक,
टॅबिथा