कापलेले श्वास

२ जून
नवी नोकरी, नवी खोली, म्हणून ही नवी वही. स्टुडिओ एका बेकरीच्या वर आहे, त्यामुळे कामाला सुरुवात व्हायच्या आधीच भूक लागते. एका रॉक बँडचा दुसरा अल्बम माझ्या हाती आलाय. पहिल्या अल्बमवर पोरं नाचली होती. यातली नऊच्या नऊ गाणी गायकाच्या आईच्या मरणावरची, काळीकुट्ट. गायकाला सगळे दादा म्हणत. गाणी गाऊन झाली आणि सहा महिन्यांपूर्वी तो दम्यानं गेला. ड्रम वाजवते ती त्याची धाकटी बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणतात. तिनं कॉफी करून दिली आणि एकच गोष्ट बजावली: दादाचे श्वास कापायचे नाहीत. आम्ही रेकॉर्डिस्ट लोक दोन ओळींमधला श्वास काढून टाकतो, आवाज स्वच्छ वाटतो. पण लहानपणी भिंतीपलीकडून दादाचा श्वास ऐकू आला की तिला झोप लागायची, थांबला की ती उठून बघून यायची. मी मान डोलावली. माणसं चांगली आहेत, इथे माझं जमेल.

५ जून
हातून नको ते झालं. गायकाचा आवाज समोर आला की माझे हात आपोआप चालतात, बारा वर्षांची सवय. नऊ गाण्यांतला एकेक श्वास हेरून कापला, वर शीळ घालत होतो. आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. दुसरी प्रत काढून ठेवणं माझंच काम, ते मी पहिल्या दिवसापासून उद्यावर ढकलत होतो. लक्षात आलं तेव्हा परत आणायला काही उरलं नव्हतं. आता दादा ओळीमागून ओळ गात सुटतो, कुठेच थांबत नाही. ऐकवत नाही. धाकटी खालून गरम पाव घेऊन आली, त्यातला अर्धा मला दिला. मी हसून खाल्ला. लिहितानाही लाज वाटतेय.

६ जून
जिना चार वेळा चढलो-उतरलो आणि धापा टाकत माइकसमोर बसलो. माझेच श्वास रेकॉर्ड केले. शेवटच्या गाण्यात सतरा जागा होत्या, तेवढ्या भरल्या. धाकटीला ऐकवलं. ती डोळे मिटून ऐकत राहिली, मग रडली. म्हणाली, वरच्या सुराआधी दादा अस्साच श्वास घ्यायचा. तिनं माझा हात धरला. मी तो सोडवून घ्यायला हवा होता.

९ जून
ती रोज दुपारी ते गाणं लावते. आज मी जिन्यात असताना लावलं. दादाच्या ओळीआधी माझा श्वास अडकला. मग पुढच्या ओळीआधी. मी मोजलं. सतरा वेळा.

१० जून
डॉक्टर म्हणाले छाती ठणठणीत आहे, सिगरेट तेवढी सोडा. मी सिगरेट ओढत नाही.

११ जून
फाइल उघडली. सतरा जागांच्या सव्वीस झाल्यात. नऊ मी टाकलेले नाहीत, पण श्वास माझेच. नाकातली बारीक शिट्टी मी ओळखतो. आणि दादाचा शेवटचा सूर परवापेक्षा लांबलाय.

१२ जून
सांगून टाकायला गेलो. त्याआधीच ती म्हणाली, सहा महिन्यांनी पहिल्यांदा नीट झोप लागतेय. मी तसाच मागे फिरलो. फाइल पुसली तर तिच्याकडे काय उरेल? न पुसली तर —

१३ जून
बाकीच्या आठ गाण्यांत मी माझे श्वास भरलेच नव्हते. त्यांतही श्वास आलेत. शेकडो. जिना — दोन पायऱ्या, मग बसतो — मघाशी बेकरीवाल्यानं पाणी दिलं.

१४ जून, दुपार
बाहेरच्या खोलीत धाकटी बँडला अख्खा अल्बम ऐकवतेय. मी आत. हाक मारायला दम नाही, म्हणून लिहितो. वही तिला सापडेल.

दुसरं गाणं — दादा माझा श्वास जोरात ओढतोय —

दारापर्यंत गेलो — नाही जमत —

बाहेर कुणीतरी म्हणालं, दादा इथेच असल्यासारखा वाटतो. ती हसतेय.

धाकटे, दादाचे श्वास मी कापले. तू नको म्हणाली होतीस. सगळे कापले. माफ कर. तू ऐकतेयस ते त्याचे नाहीत, ते मा—