आज्ञाधारक इस्त्री

तीर्थरूप आईस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी मजेत आहे. हाताचा चटका जवळजवळ बरा झालाय. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या हॉटेलच्या लाँड्रीत इंग्रजीचा वर्ग सुरू झालाय. मास्तर रोज एक शब्द देतात, अर्थ सांगतात आणि दुसऱ्या दिवशी आपण त्याचं वाक्य करून आणायचं. परवाचा शब्द होता ‘ओबीडियंट’, म्हणजे आज्ञाधारक. पुस्तकातलं वाक्य होतं, ‘मोलकरीण आज्ञाधारक आहे.’ माझं डोकंच फिरलं.

काल मी उभी राहून माझं वाक्य वाचलं, ‘इस्त्री आज्ञाधारक आहे, मी नाही.’ बायका खो खो हसल्या. नेमका सुपरवायझर दारात उभा होता. आजपासून त्याने मला इस्त्रीवरून काढून ओल्या चादरी उचलायला जुंपलंय. जुंपू दे. कंबर धरते थोडी, पण वाक्य मी खोडलेलं नाही.

तू म्हणशील, परक्या मुलखात गप्प बसावं गं. पण आई, गप्पच बसायचं तर इंग्रजी कशाला शिकू? मराठीत गप्प बसणं मला लहानपणापासून येतं.

हे पत्र दादाला दाखवू नकोस. वहिनीला मात्र जरूर वाचायला दे.

तुझीच,
न ऐकणारी धाकटी