ताटल्या कुणी धुतल्या

ता. ९ फेब्रुवारी

ती. दादास,
साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा ठणकतो, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नको. बाबांनी परवा आठ फळ्या चिकटवून एका गिऱ्हाइकाला जेवणाचं टेबल करून दिलं. जोड नखाला लागत नाही. माझी शाळा जोरात. नववीला रासायनिक बंध शिकवतेय.

मुलं दरवर्षी एकच घोळ घालतात. बंध तुटला की उष्णता बाहेर पडते म्हणे! अरे, तोडायला ऊर्जा घालावी लागते, बाहेर पडते ती जुळताना. यंदा म्हटलं, दाखवूच. बाबांच्या वर्कशॉपमधल्या चिकट रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर कालवलं, अर्धं पसरट ताटलीत ओतलं, अर्धं उभ्या डब्यात. ताटलीतली उष्णता हवेत गेली, ती कोमटच राहिली. डब्यातल्या उष्णतेला वाट मिळेना. तापलं की रेणू आणखी भराभर जुळतात, जुळले की आणखी तापतं. शेवटी धूर निघाला. वर्गाने टाळ्या पिटल्या आणि मला वर्कशॉपमधला तो डबा आठवला.

दादा, आता फाटे फोडत नाही. चार वर्षांपूर्वी तू वर्कशॉपमध्ये दोन ताटल्यांत हेच मिश्रण कालवून ब्रश आणायला गेलास. ताटल्या धुणं माझ्याकडे, आणि मला परीक्षेला पळायचं होतं. घाईबाई म्हणायचास ना मला? दोन्ही ताटल्या एका डब्यात रिकाम्या केल्या, धुतल्या आणि सुटले. धुमसणारा तो डबा बाबांनी उचलला. मी परतले तेव्हा त्यांच्या हाताला पट्टी होती, आणि "हार्डनर दुप्पट घातलंस, चालता हो," म्हणून ते तुझ्यावर ओरडत होते. तू एकच म्हणत होतास, "माप बरोबर होतं." मी दारात मूग गिळून उभी.

आधी स्वतःला पटवलं, डब्याने काय होतंय, मापच चुकलं असेल. पुढे शिकले, कळलं, तरी गप्प. आणि त्या धुतलेल्या ताटल्या तुला दिसल्याच असतील ना रे? तरी माझं नाव घेतलं नाहीस.

रविवारी सकाळी ताटली, डबा, वजनकाटा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. बाबांसमोर तुझ्याच मापाने कालवलं. डब्यातून धूर निघाला तेव्हा सगळं सांगून टाकलं. ते भाजलेला हात चोळत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोराचं माप बरोबर होतं." तू गेल्यावर त्यांनी भिंतीवर रंगाने लिहिलं होतं, हार्डनरला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. उठले, सँडपेपर घेतला आणि ते स्वतः घासून काढलं.

तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे. आई म्हणते, आता सांगून काय मिळवलंस? मी म्हटलं, मिळवायचाय तो अजून यायचाय.

काल जेवताना बाबा आईला म्हणाले, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "तिला म्हणावं, त्याला कळव. मोठं टेबल उचलायला दोन माणसं लागतात."

माफी पत्रात मागत नाही, समोर मागेन. ये, आणि हवं तितकं ओरड. या खेपेला मी दारातून हलणार नाही.

तुझी,
एक वाक्य बोलायला चार वर्षं लावणारी
घाईबाई