पोपटी डाग

५ जानेवारी, सोमवार
थंडी. भाकर बाजरीची. हर्षालीने आज गाडी गोठ्यातून बाहेर ओढली. माझी नात, विसरवाडीच्या दवाखान्यात नर्स लागली. (यापुढे ह. लिहीन, मोठं नाव लिहिताना बोटं आखडतात. चौथीपर्यंतची शाळा, किती पुरणार.) म्हणते, ड्युटीला जाईन तर आबांच्याच, म्हणजे ह्यांच्या, गाडीवर. जुनी फटफटी, दोन्ही अंगाला धुराची एकेक नळी. मिस्त्रीने इंजिन चालू करून दिलं. पण दोन्ही सायलंसर गंजून विटकरी झालेत. सीटवर कोंबडी अंडी घालायची, तिला आता कुठे बसवू.
ह. म्हणाली, "आजी, पयली सीट तुन्ही." बघू म्हटलं. पण आमटीत मीठ दोनदा पडलं.

७ जाने., बुध.
गंज म्हणजे काय, हंड्याचा काळपणाच ना. चिंच भिजवली, राख घेतली, नारळाची शेंडी घेतली, अंगणात गोणपाटावर बसले. ह. हसून लोळली. "आजी, हाई काय भांडं शे का?" हस म्हटलं. शेजारची कमल डोकावली, तिला वाटलं मी देवाचं काही घासते आहे. गंज सुटला बरं का.
डाव्या नळीवर हात थांबला. पोपटी डाग आहे अजून. कडेने काळा, मधे पोपटी, आंब्याच्या कोयीएवढा.
ह. विचारते, हा कशाचा. सांगितलं. नवं लग्न, माहेरी नवापूरला चाललेलो. अंगावर पोपटी नायलॉन, गावातलं पहिलं. तेव्हा नवरा-बायको चारचौघांत बोलत नसत, आणि चारचौघांवाचून आम्ही सापडतच नव्हतो. म्हणजे एक शब्द झालेला नव्हता. मी एका अंगाला बसलेली, दोन्ही पाय डावीकडे, हात सीटच्या कडीला. ह्यांना धरायची लाज. विसरवाडीच्या अलीकडे वास आला. ह्यांनी गाडी थांबवली, मागे वळून म्हणाले, "तुन्हं लुगडं जळी ऱ्हायनं."
नवऱ्याचं मला पहिलं बोलणं हे. मग टपरीवरून गार पाणी आणलं, रुमाल भिजवून पोटरीला बांधला. काठ नळीला चिकटला तो चिकटलाच.
ह.ला पोटरीवरचा डाग दाखवला. नर्स ना, दाबून बघितला.

८ जाने., गुरु.
हे खाटेवरच असतात. ऐकू कमी येतं, बोलणं त्याहून कमी. आज मात्र आपणहून सांगितलं, आतली बारीक नळी काढा, काजळी जाळा. ह.ने ती काढली, मी कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या, नळी त्यात घातली. निळा धूर निघाला, जुन्या तेलाचा. त्या वासात मी पार नवापूरला जाऊन आले. रस्त्याला झाडंच झाडं होती, ऊन-सावली अंगावरून पळायची, जसं कोणी पंख्याने वारा घालतंय आणि वाऱ्याऐवजी...
भाकर करपली.

९ जाने., शुक्र.
गंज गेला तरी चमक येईना, म्हणून ह. आणि मी नंदुरबारला मुलामावाल्या सलीमभाईंकडे गेलो, दोन्ही नळ्या मांडीवर. गावाबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या, जमीन दिसेल तिथवर लाल. रिक्षात सगळे शिंकत होते, मी पण, आणि शिंकता शिंकता हसत होते. सलीमभाईंचे वडील आमच्या रनाळ्याला कल्हई करायला यायचे, आमची सगळी भांडी त्यांच्या हातची. म्हणून म्हटलं, चांगली कल्हई करून द्या.
"भाभी, कल्हई भांडासले. याले निकल, वरथून क्रोम. पयले जुनं सगळं उतारणं पडी."
"हा डाग सोडून."
"त्यान्हा खाले गंज चरी ऱ्हायना. भोक पडी."
मग त्यांनी नळी उजेडात धरून फिरवली. म्हणाले, "देखा भाभी. पुसणारानी सगळी नळी पुसी पुसी घासी टाकी, डागले हात नही लाया."
खरंच. बाकी नळी झिजून पिवळट झालेली. डागाशी येऊन फडक्याने वळण घेतलंय, पाणी दगडाला घेतं तसं.
गाडी ह्यांच्याशिवाय कोणी पुसली नाही कधी. रोज सकाळी, चहाच्या आधी. मला वाटायचं, माणूस आळशी, एवढा डाग निघत नाही.
उजवी ठेवून आले. डावी परत आणली.

११ जाने., रवि.
ह्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, तो डाग का नाही पुसला?
"ऱ्हाई गया."
इतकी वर्षं?
"ऱ्हाई गया म्हनं ना."
लबाड म्हातारा. मग विचारलं, आता काढू का? तर म्हणे, "तुन्हा शे. तू ठराव." आणि कूस बदलली.
डावी नळी झोपाळ्यावर ठेवली आहे, गोधडीत. जाता-येता झोका देते.

१३ जाने., मंगळ.
उद्या संक्रांत. तीळ भाजता भाजता डोळा लागला. रस्ता पोपटी झालेला, गाडीला चाकं नव्हती, आम्ही दोघं तरंगत चाललेलो, कोंबडी पुढे. जागी झाले तर ह. तीच नळी हातात घेऊन बसलेली, डागाच्या कडेच्या गंजावरून बोट फिरवत. मागत नव्हती.
घेऊन जा म्हटलं, सलीमभाईंकडे. भोक पडेल अशी नळी घेऊन पोरीने रोज इतक्या लांब जायचं, ते नको. माझ्या पोटरीवरचा डाग कोणी उतरवत नाही. ह. गळ्यातच पडली. तिच्या केसांना तीळ चिकटले.
ह्यांना सांगितलं. ऐकू आलं नसावं. आलंही असेल.

१७ जाने., शनि.
दोन्ही आल्या. ह.ने बसवल्या. आरसा नुसता. त्यात माझं तोंड दुधीभोपळ्याएवढं, आणि हसलं की कलिंगड. कोंबडी स्वतःलाच टोचा मारते.
दुपारून हे खाटेवरून उठले, भिंत धरत धरत आले, खिशातून फडकं काढलं. उजवी पुसली. मग डावी. डाग होता तिथे हात आला, आणि वळण घेऊन पुढे गेला.
मी पाणी आणायला आत गेले. तहान कोणाला नव्हती.

१८ जाने., रवि.
निघायचं. विसरवाडीपर्यंत, चहा पिऊन परत. ह. म्हणते, "आजी, सुती नेसजो. नायलॉन नको हां, नळी तापस."
बरं म्हटलं.
ती अंगणात गेल्यावर खाटेवरून आवाज, "ती पोपटी कोठे शे?"
पेटीच्या तळाशी होती. काठ तेवढा कापलेला. घडीवर कापूर ठेवला होता, तो उडून गेला, वास राहिला. सुतीच्या शेजारी पसरून ठेवली आहे. हे बघतात.
ह.ने किक मारली. आवाज तोच. विचारते, "आजी, नेसाई गयं का?"
नेसते आहे म्हटलं. काय, ते नाही सांगितलं.