मोकळा वेळ नेमका कोणाचा

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. पत्र हाती पडेल तेव्हा तुमचा गुडघा बरा असेल आणि डॉक्टरांनी दिलेलं कानातलं यंत्र कानात नसून कपाटात असेल, असं धरून लिहिते. (फोनवर मी पंप म्हटलं की तुम्हाला कंप ऐकू येतो आणि मग सगळं बोलणं माझ्या तब्येतीवर जातं, म्हणून हा कागदाचा मार्ग.) इकडे आई ठणठणीत आहे. मी कशी आहे हे कळायला मला घटकाभर एका जागी बसावं लागेल, आणि नेमकं तेच जमत नाहीये. पंपघराचं काम मागच्या आठवड्यात संपलं. काम संपलं की माणूस झोपतो म्हणे. मी मात्र घरभर फिरतेय. एवढ्या चार ओळी लिहिताना उठून नळ सोडून पाहिला, खिडकी लावली, पुन्हा उघडली, आणि आईने घडी घालून ठेवलेल्या चादरी लहानमोठ्या क्रमाने परत रचल्या. आई जाताना दार जरा जोरात लावून गेली.

माझी नोकरी काय आहे हे तुम्ही दर भेटीत विचारता आणि मी दर वेळी वेगळं काहीतरी सांगते, तर आता एकदा लेखी सांगून टाकते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मी कामांचं वेळापत्रक करते. जुना पंप काढून नवा बसवायचा तर आधी काय, मग काय, कशासाठी काय अडून राहणार, हे सगळं कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रॅममध्ये भरायचं. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी होते आणि पट्ट्यांना बाणांनी एकमेकींशी बांधलेलं असतं. एक सरकली की तिच्या मागच्या सगळ्या फरपटत जातात. ज्या पट्ट्यांना सरकायला जागाच नसते त्या लाल दिसतात. बाकीच्यांना थोडी मोकळीक असते, म्हणजे ते काम जरा रेंगाळलं तरी शेवटची तारीख हलत नाही. या मोकळ्या वेळाला आमच्यात फ्लोट म्हणतात, आणि जगातल्या निम्म्या इंजिनियरांची भांडणं तो कोणाच्या मालकीचा यावरून होतात. पाणीखातं म्हणतं आमचा, कंत्राटदार म्हणतो आमचा. वडिलोपार्जित जमिनीवरून भांडणारे भाऊ यांच्यापुढे समजूतदार वाटावेत.

आमच्या साहेबांना हा प्रोग्रॅम फार आवडतो. पंपघर गवंडी आणि फिटर बांधत नसून तोच बांधतो, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. कुठे अडलं की, "कॉम्प्युटरमध्ये टाकलंत ना? मग झालं," असं म्हणून ते चहा मागवतात. एकदा त्यांना शोध लागला की पट्टीचं टोक माउसने धरून ओढलं की ती आखूड होते. मी जेवायला गेले होते तेवढ्यात त्यांनी पायाचं काँक्रीट पक्कं होण्याची पट्टी ओढून निम्मी केली आणि वरच्या ऑफिसला तारीख कळवूनही टाकली. काँक्रीटला मात्र कोणी कळवलं नाही. (ती तारीख परत खरी करायला मला जे करावं लागलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. आईच्या हाती लागायचं.)

तर अशा ठिकाणी कंत्राटदाराकडून त्यांचा वेळापत्रकवाला आला. दिसायला साधा, बोलायला हळू, आणि चहाचा कप हातात आला की तो संपेपर्यंत दुसरं काहीही न करणारा. त्याने आणलेला तक्ता भिंतीवर लावला आणि मी खालपर्यंत वाचत गेले, तर प्रत्येक पट्टीखाली मऊमऊ गादी घातलेली. जे काम सकाळी सुरू करून दुपारी संपावं त्याला सबंध दिवस. रंग देण्याला इतका अवधी की भिंतीवर चित्रं काढली असती. मध्येच एका ओळीत नुसतं "इतर". मी विचारलं, हे इतर म्हणजे काय? तो म्हणाला, "ते अजून घडलेलं नाही, म्हणून नाव नाही." मी त्याच बैठकीत त्याच्या तक्त्यातून एवढा वेळ कापला की साहेब उठून उभे राहिले. त्या दिवसापासून मी त्याला गादीवाला म्हणू लागले, आणि तो मला कात्री म्हणतो हे फिटरांच्या मुकादमाकडून कळलं.

पुढे कित्येक महिने आमचं एकच चाललं होतं. तो संध्याकाळी फाइल पाठवायचा, मी सकाळी ती सोलून परत पाठवायची. त्याने एका पट्टीखालची गादी काढली की ती दुसऱ्या पट्टीखाली सरकवलेली असायची, आणि मी ती शोधून काढायची. मला ह्यात इतका रस येऊ लागला की रविवारी फाइल आली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. (हे वाक्य मामा, तुम्ही एकदा वाचलंत तेवढं पुरे. परत वाचू नका.) आई म्हणायची, तू हल्ली फोनकडे बघून हसतेस. मी म्हणायचे, एका माणसाने व्हॉल्व्ह बसवण्यात अर्धा दिवस लपवलाय. आईला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. तिने भांडी कधी घासणार म्हणून विचारलं, आणि ते काम तुझा स्वयंपाक संपण्यावर अवलंबून आहे असं मी सांगितल्यावर दोन्ही कामं त्या दिवशी माझ्याकडे आली.

शेवटी तो दिवस ठरला, ज्या दिवशी सगळ्या गावाचं पाणी बंद ठेवून जुना पंप उचलायचा आणि नवा खाली सोडायचा. रस्तोरस्ती भोंगा फिरवला, पाणी भरून ठेवा, संध्याकाळच्या आत नळ येईल. त्या दिवसासाठी आम्ही दोघांनी मिळून वेगळा तक्ता केला होता, तासातासाचा, जवळजवळ सगळाच लाल. कोणत्या वेळी कोण कोणता बोल्ट सोडणार इथपर्यंत. मी त्यातली "क्रेनची वाट पाहणे" ही पट्टी काढून टाकली होती. वाट पाहणं हे काही काम नाही, असं मी सर्वांसमोर म्हणाले होते. आईने आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायकांना छातीठोक सांगितलं, माझ्या मुलीने आखलंय, काळजी करू नका.

सकाळ अगदी तक्त्याबरहुकूम गेली. पाणी थांबलं, जुन्या पंपाचे पाइप कापून मोकळे केले, म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती. क्रेनसुद्धा वेळेवर आली. मी विजयी नजरेने गादीवाल्याकडे बघितलं. आणि क्रेन फाटकापाशी येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, फाटकाच्या एका खांबाकडे चालत गेला, दुसऱ्या खांबाकडे गेला, आणि आमच्याकडे बघत डोकं खाजवू लागला.

मामा, आमच्या तक्त्यात क्रेन येते अशी एक पट्टी होती आणि क्रेन उचलते अशी दुसरी. ती फाटकातून आत येते, असं कुठेच नव्हतं. अर्ध्याअर्ध्या दिवसावरून इतके महिने भांडलेली दोन शिकलेली माणसं रोज त्याच फाटकातून आत येत होती, पण आम्हाला यायला जागा पुरत होती.

साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "हे कोणत्या ओळीत येतं?" मी म्हणाले, इतरमध्ये. पण ती ओळ मी केव्हाच काढून टाकली होती. गादीवाला तोवर मुकादमाला घेऊन खांबाला हात लावून पाहत होता. खांब पाडायचा ठरला तर वॉचमन आडवा. त्याचं म्हणणं, फाटक त्याच्या ताब्यात आहे, सहीशिवाय वीट हलणार नाही. त्याचं चूक नव्हतं. साहेब सही करायला तयार, पण कागद कोणाच्या नावे काढायचा आणि खांब कोणत्या खात्याचा, यावर ते आणि वॉचमन बोलत उभे राहिले. मी इकडून तिकडे चालत होते. पाच पावलं जायचं, वळायचं, परत यायचं. मुकादम म्हणाला, "मॅडम, तुम्ही खांबाभोवती फिरा, निदान झिजेल तरी."

तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. त्यांची टाकी संध्याकाळपर्यंत पुरेल, त्यानंतर ऑपरेशनं थांबवावी लागतील, एक बाई बाळंतपणाला आत आहेत आणि लक्षण अवघड आहे. बोलणाऱ्या सिस्टर ओरडत नव्हत्या, अगदी शांतपणे विचारत होत्या, "वेळ ठरली होती ना?" मी हो म्हणाले. फोन ठेवला तर लगेच आईचा. तुझ्या तक्त्यात काय म्हणतंय, म्हणाली. मी विचारलं, नळात काय म्हणतंय? ती म्हणाली, नळात नुसती हवा, आणि शेजारच्या काकू दारात उभ्या आहेत.

मग मी ते केलं जे मला नोकरीत कोणी शिकवलं नव्हतं. लॅपटॉप जीपच्या बॉनेटवर ठेवला, तक्त्यात नवीन ओळ घातली, "फाटकाचा खांब पाडणे", साहेबांना दाखवली आणि म्हणाले, सर, हे आता कामात आहे. साहेबांचा चेहरा उजळला. कॉम्प्युटरमध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी वॉचमनच्या वहीत मोठी थोरली सही ठोकली, वॉचमन बाजूला झाला आणि मुकादमाने घण हाणला. पण ओळ घातली तशा मागच्या सगळ्या पट्ट्या संध्याकाळ ओलांडून रात्रीत सरकल्या. मी तिथेच उभी राहून बघत होते.

गादीवाला घामाने आणि धुळीने माखलेला माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याने पडद्यावर सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "शेवटी पाइप धुणे" अशी ती ओळ होती, चांगली लांबलचक.

"पाइप धुवायला एवढा वेळ लागत नाही," मी म्हणाले.

"नाही लागत."

"मला माहीत होतं."

"मग कापला का नाही? तुम्ही तर रंगाऱ्याचा चहासुद्धा कापला होता."

मी म्हणाले, दिसला नाही. "तुम्हाला?" तो म्हणाला आणि परत खांबाकडे गेला.

खरी गोष्ट अशी की ती ओळ मला पहिल्याच दिवशी दिसली होती. दर सकाळी मी तिच्यावर माउस नेऊन ठेवायची आणि मागे घ्यायची. का, ते मला सांगता येत नाही. आणि गंमत अशी की, त्याने ती माझ्यापासून लपवलीच नव्हती. बाकी सगळ्या गाद्या कुठेकुठे दडवलेल्या, ही एक उघड्यावर ठेवलेली.

खांब पडला, क्रेन आत आली, पंप उतरला. त्यानंतर नुसते बोल्ट आवळणारे पाने आणि हात चालत होते. पाइप अर्थातच झटपट धुऊन झाले आणि खांबाने खाल्लेला वेळ तिथे भरून निघाला. उजेड सरता सरता नवा पंप सुरू झाला तेव्हा त्याचा आवाज मला ऐकूच आला नाही, कारण मी हॉस्पिटलला फोन लावून बसले होते. टाकीत पाणी पडायला लागलं, सिस्टर म्हणाल्या. बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी आहे. हे मी मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. साहेबांनी विचारलं, आपल्या अहवालात कोणत्या ओळीत घालता येईल? मुकादमाने त्यांच्यासाठी चहा मागवला.

झालं ते असं. आता कामही नाही आणि फाइलही येत नाही. कंत्राटदाराची माणसं महिनाअखेरीला दुसऱ्या कामावर निघून जाणार आहेत. मी मात्र घरात चादरी रचतेय. मामींना नमस्कार सांगा, गुडघ्याला तेल लावत चला, आणि तुम्हाला वाटेल तेव्हा उत्तर पाठवा, मला काही घाई नाही.

तुमची,
भाची

ता. क. — घाई आहे. पत्र मिळताच निघा. आईशी एका गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि ते तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही. कंत्राटदारांबद्दल तिचं मत तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या दारासमोर एका कंत्राटदाराने खणून ठेवलेला चर तिने वर्षभर ओलांडलाय. तेव्हा एकदम नाव काढू नका. आधी पंपाचं कौतुक करा, मग काम करणाऱ्यांचं, मग हळूहळू त्यातल्या एकाचं.

ता. क. २ — त्या एकाला मी अजून काही विचारलेलं नाही. तेही तुमच्यासमोर विचारावं म्हणते. माझ्याने एकटीने होत नाही.

ता. क. ३ — दादा, हे मी लिहितेय, तुझी बहीण. पाकीट पोस्टात टाकायला तिने माझ्याकडे दिलं आणि स्वतः पाचव्यांदा नळ बघायला गेली. डिंक लावायचा राहिला होता, म्हणून मी वाचलं. तो गादीवाला मुलगा मंगळवारी ही बाहेर असताना घरी येऊन गेला. नळाला पाणी नीट येतं का बघायला आलो, म्हणाला. नळ बघून झाल्यावरही जाईना. चहा दिला, तो संपवला, मग म्हणाला की तुमच्या मुलीला विचारायचं आहे, पण ती धावपळीत असते, तुमची हरकत नसेल तर ती बसेल तेव्हा विचारीन. मी म्हटलं, ती बसायची नाही, तूच बैस. शनिवारी जेवायला बोलावलंय. तिला हे माहीत नाही, तू सांगू नकोस. ये, आणि तिने शिकवलंय तसं पंपापासून सुरू कर. मी ऐकून घेईन. ह्या घरात एक तरी माणूस बूड टेकून बसणारा हवा होता.