मामींच्या लेकीच्या वेणीतला दवणा

शुक्रवार, २८ जुलै २००६, चेन्नई

मी दवणा का म्हणालो? दुसरं काहीही सांगता आलं असतं.

गच्चीवरचं गांजाचं झाड माझ्या रूममेटचं, संदीपचं. रोज ऑफिसातून आला की तुरे दाबून बघतो. "अजून टणक नाहीत, थांब." थांबलो. परवा घरमालकीण मामींनी वास घेऊन विचारलं, हे काय रे? मी म्हणालो, दवणा, आमच्याकडे देवाला वाहतात.

मूर्खपणा! हा तमिळ आडी महिना, देवीचे शुक्रवार, आणि इथे मोगऱ्याच्या गजऱ्यात दवणा गुंफतातच. आज घरी आलो तर सगळ्यात टणक तुरा गायब. खाली मामींची लेक नवऱ्याला वाढत होती आणि तुरा तिच्या वेणीत. जावई पोलिसात.

मामी मला बघून हसल्या. "तुझा दवणा किती घमघमतो रे!"

जावई वेणीकडे बघत राहिला. पायसम अर्धं टाकलं.

संदीप फोन उचलत नाही. झाड उपटू? आणि टाकू कुठे?

खिडकीतून बघतोय. जेवताना जावई अनवाणी होता. आता बूट चढवतोय, आणि तोंड गेटकडे नाही, गच्चीच्या जिन्याकडे आहे.