गाड्या बाहेर होत्या

बाबा, आज पुन्हा तेच झालं म्हणून लिहायला बसलोय. बसलोय म्हणजे दोनदा उठून अंगणात चकरा मारून आलोय. हे कुठे पाठवायचं नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी मला पांढरकवड्याचं कापूस खरेदी केंद्र मिळालं. ज्या कामात तुम्ही जन्मभर कापसाची प्रत ठरवणारे ग्रेडर राहिलात, त्यात मी थेट केंद्रप्रमुख. कापसाची ती वाईट वर्षं. गाड्या दोन-दोन दिवस रांगेत, माणसं तापलेली. दुसऱ्याच दिवशी एका गाडीवरून वाद पेटला. तिथला ग्रेडर नेरच्या केंद्रावर तुमच्याच हाताखाली शिकलेला. त्याने गाडीत खांद्यापर्यंत हात घातला, पोटातला कापूस मुठीत दाबला आणि ओल आहे म्हणाला. मी पुढे झालो, वरवरचा कापूस उचलला, दोन अंगठ्यांत तंतू ओढून पाहिला आणि सगळ्यांदेखत पहिली ग्रेड देऊन टाकली. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. काय बरं वाटलं होतं, बाबा. तिसऱ्या दिवशी ज्या गंजीत तो कापूस पडला, ती आतून तापून पिवळी पडली.

त्यानंतर ग्रेडर कुठल्याच गाडीला हात लावेना. साहेबाले पाहू द्या, एवढंच म्हणे. मी सकाळपासून गाडीमागून गाडी चाचपत फिरायचो, रांग नाक्यापुढे गेली होती आणि केंद्र माझ्या हातून सुटत चाललं होतं.

वरच्या ऑफिसने नव्या केंद्रप्रमुखांसाठी नागपूरचे एक निवृत्त अधिकारी नेमले होते. कागदावर 'कोच'. ते शिकवत काहीच नसत, नुसतं विचारत. तुम्ही नसता तेव्हा गाडी कोण पाहतं? कोणीच नाही, मी म्हटलं. कधीपासून? मग सगळं सांगावं लागलं. ते म्हणाले, चूक जिथे केली तिथेच उभं राहून माफी मागा.

मला तुम्ही आठवलात. नेरच्या साहेबाने असाच चारचौघांत तुमचा निर्णय फिरवला, त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि भाकरी न मोडताच उठलात. आईने काहून म्हणून विचारलं, तर म्हणालात, "माह्या हाताचं आता कोन आयकन?" मी समोरच जेवत होतो. हे सगळं ठाऊक असूनही मी ग्रेडरला केबिनमध्ये बोलावलं, दार लोटलं आणि मग माफी मागितली. खुर्ची दिली तरी तो उभाच राहिला.

"साहेब, तुम्ही बोल्ले, बरं झालं. पन गाड्या तं बाहेर होत्या."

तरी दुसऱ्या दिवशी तो कामाला लागला. रांग हलली, हंगाम निभावला, नाव माझं झालं.

आता नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला मलाच बोलावतात. आज अमरावतीला हीच गोष्ट सांगितली. एका मुलीने डोळे पुसले, कारण माझ्या गोष्टीत मी दार उघडून बाहेर जातो, गाड्यांसमोर उभा राहतो आणि मोठ्याने म्हणतो, चुकलो. दर वेळी मी असंच सांगतो.

तो ग्रेडर अजून आहे, बाबा. नेरला स्टँडला लागूनच त्याचं घर. परतताना बस तिथे दहा मिनिटं थांबली. मी खिडकीजवळून उठलो आणि आतल्या सीटवर सरकून बसलो.